काळ्याचा कोंडलेला उंट

माझे वडील आयुष्यभर एकच बचाव खेळले. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की हे आपलं एकच घर टाकणार, आणि मग वजिरापुढचं दोन घरं. फ्रेंच बचाव म्हणतात त्याला. चिवट आणि कंटाळवाणा. रत्नागिरीच्या कोर्टात उभी नोकरी कारकुनीत काढलेल्या माणसाला शोभणारा. त्यात दुखणं एकच. काळ्याचा वजिराकडचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो आणि डाव संपत आला तरी बाहेर पडत नाही. वडील त्या उंटाला पक्षकार म्हणत. "तारखा पडतायत त्याला. निकाल लागेल, पण आपल्या हयातीत नाही."

माझ्या लग्नाआधी वडील आणि मी संध्याकाळी पडवीत पट मांडून त्या उंटाची सुटका शोधत असू. दोघंही काळ्याच्याच बाजूला, समोर कोणी नाही. मी काही सुचवलं की बहुतेक वेळा "अक्कल गहाण ठेवलीस काय गो?" हे उत्तर. मी चिडून उठायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसायची.

एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये लग्न होऊन मी देवरूखला आले. सासरी माणसं चांगली, पण बुद्धिबळाचं कोणाला काही नव्हतं. दुपारी सगळी आडवी झाली की मी प्लास्टिकचा पट काढी. तिथे मला एक गोष्ट सुचली. उंटाला प्याद्यांमधून पुढे काढायचा हट्टच कशाला? वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, उंट बाजूने पटाच्या काठावर आणायचा आणि पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी सरळ मारामारी करून टाकायची. आपला निकामी, त्याचा कामाचा. पुस्तकांत हे असेलही. मला मात्र माझंच वाटत होतं. पत्रात मी ते लिहिलं नाही. बाबांचं तोंड बघायचं होतं मला.

मे महिन्यात चार दिवस माहेरी गेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पट मांडला, मला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि पांढरी मोहरी माझ्याकडे केली. आमच्याकडे पाहुण्याला पांढरी देतात. पावसचे मामा आले तरी पांढरी, वडिलांचे जुने साहेब आले तरी पांढरी. नियम मला तोंडपाठ होता, तो मला लागू झालाय हे मात्र पट बघून कळलं.

"पाहुणी कोण इथे?" मी म्हटलं.

"चार दिवसांसाठी आलीस ना? घे हो, पहिली चाल तुझी."

मी पट फिरवला. काळी माझी, म्हटलं, आणि बसले.

माझी कल्पना जमली. उंटाला उंट गेला, घोड्याने परत मारलं, आणि ज्या पक्षकाराने आमच्या कित्येक संध्याकाळी खाल्ल्या होत्या तो पटावरून उठला. चौदाव्या चालीला वडील फार वेळ थांबले. पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हत्ती एक घर सरकवला. तिथून डाव माझाच होता. "छान खेळलीस," ते म्हणाले. आईने आतून कोण जिंकलं विचारलं, तर त्यांनीच हौसेने सांगितलं. परत येताना संगमेश्वरपर्यंत मी एसटीत एकटीच हसत होते.

आठवड्याने तो डाव वहीत उतरवायला बसले आणि चौदाव्या चालीला अडकले. उंट मारताना माझा घोडा काठावर गेला होता, राजा अजून मध्येच होता. पांढऱ्याने राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर ढकललं असतं, तर माझी तटबंदी फुटून पाच-सहा चालींत मात होती. हत्ती सरकवून त्यांनी मला श्वास दिला होता. पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. असली चाल त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

मी बाजारातल्या बूथवरून फोन लावला आणि नमस्कारही न करता ती चाल सांगितली.

ते म्हणाले, "दिसली होती गो."

"मग खेळला का नाहीत?"

"तुझी तीन दिवसांनी गाडी होती. हरवून पाठवायचं होतं काय तुला?"

मला संताप आला. माझी सुधारणा चालते की नाही, हे जगात त्यांच्याशिवाय कोणी सांगणारं नव्हतं, आणि त्यांनी माझा पाहुणचार केला होता. बूथच्या बाहेर दोघं-तिघं खोळंबले होते. त्यांच्यादेखत मी रडवेल्या आवाजात म्हटलं, "बाबा, पुढच्या खेपेस मला हरवा."

"बरं," ते म्हणाले आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.