चेहरा पाडा, फोटो काढतोय

गावात कुणाचंही लग्न असो, फोटोतला नवरदेव असा उभा दिसायचा, जणू आत्ताच कुणीतरी त्याला घराला आग लागल्याचं सांगून गेलंय. यात नवरीचा काडीचा दोष नव्हता. दोष होता फोटोवाल्यांचा.

फोटोवाल्यांचा स्टुडिओ म्हणजे औषधाच्या दुकानामागची दीड खोली. अर्ध्या खोलीत गिऱ्हाईक, उरलेल्या एका खोलीत पडदा, दिवे, स्टूल आणि बायको. बायको दिवे धरायची, मुलांचे विंचरलेले केस विस्कटायची आणि नवऱ्याच्या चुका काढायची. हे तिसरं काम ती हौसेनं करायची. पण चूल पेटायची ती पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या संस्थेच्या जिवावर. संस्था सातासमुद्रापलीकडची. कितीतरी देशांतल्या मुलांच्या शाळेचं, लसींचं, पिण्याच्या पाण्याचं बघणारी. इथल्या एकेका मुलासाठी तिकडे कुणी भला माणूस पैसे भरायचा आणि त्याला वर्षातून एकदा त्या मुलाचा फोटो जायचा. तो काढायचं काम यांच्याकडे.

संस्थेच्या पहिल्या साहेबांनी त्यांना कानमंत्र दिला होता, "हसरं मूल बघून कुणाचा हात खिशाकडे जात नाही." फोटोवाल्यांनी तो असा काही मनावर घेतला की विचारू नका. "चेहरा पाड बाळा. अजून पाड. हां, आता लांब बघ, शेळी हरवल्यासारखं." मुलाला जमलं नाही तर स्वतः तोंड पाडून दाखवायचे. आयाही तयार झाल्या. फोटोच्या दिवशी घरोघर नवे बूट पलंगाखाली जायचे. अशी एक अख्खी पिढी वाढली. कॅमेरा दिसला की तोंड आपोआप खाली. शाळेत वर्गाचा फोटो लावला, तर पाहुणे हळू आवाजात विचारायचे, "कोण गेलं?" पाठीमागे लोक फोटोवाल्यांना 'चेहरापाडे' म्हणायचे. आडनावच असल्यासारखं.

मग पोस्टाच्या वर नव्या मॅडम आल्या. वयानं फोटोवाल्यांच्या मुलीएवढ्या. मागच्या वर्षीचे फोटो त्यांनी टेबलावर मांडले आणि एकेक उचलून पाहिला.

"काका, ही मुलं आजारी होती का?"

"छे हो! ठणठणीत. हा तर फोटो झाल्या झाल्या भिंतीवरून उडी मारून पळाला."

"मग तसा पाठवायचा की! मदत हा मुलांचा हक्क आहे काका, भीक नाही. यापुढे मूल जसं आहे तसं. आणि आधी त्याला विचारायचं. नको म्हणालं तर नको." मग जरा खालच्या आवाजात, "या वेळी पण असेच आले तर शहरातला फोटोग्राफर बोलवावा लागेल. वरून तसं सांगितलंय."

फोटोवाले घरी आले ते स्वतःच्याच फोटोसारखे.

"यात काय अवघड आहे?" बायको म्हणाली. "हसवायचं."

"तू हसलीस कधी माझ्या विनोदाला?"

"लग्नात हसले होते. तेव्हा तुमची ओळख नव्हती."

फोटोच्या दिवशी संस्थेच्या व्हरांड्यात मुलांची रांग लागली. फोटोवाले स्टूल आणि बायकोसह हजर होते. सगळ्यांचे चेहरे घरूनच पाडून आणलेले. फोटोवाल्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हं, आता हसा."

एका आईनं काळजीनं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" दुसरी पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "हसू नकोस रे! तुझी शाळा बंद करतील." मॅडमनी समजावलं, तोंड बघून शाळा मिळत नाही, पाणी नाही आणि लसही नाही. आयांनी माना डोलावल्या आणि विश्वास कुणीच ठेवला नाही. शेवटी फोटोवाल्यांनाच हात जोडावे लागले. "अहो, ते मीच चुकीचं शिकवलं होतं. सोडा आता त्या बिचाऱ्यांना."

रांगेत पहिली होती शिंपिणीची मुलगी, पुढचे दात पडलेली. फोटोवाले वाकले. "बाळा, तुझा फोटो काढू का?"

मुलीनं मॅडमकडे पाहिलं. "नाही म्हटलं तर चालतं?"

"चालतं," मॅडम म्हणाल्या.

"मग नाही."

झालं! असा खेळ पोरांना आजवर कुणी दिला नव्हता. पुढचा म्हणाला नाही, त्याच्या पुढचीही नाही. शेवटच्या पोरानं तर विचारायच्या आधीच "नाही!" म्हणून ओरडून घेतलं. मॅडम कपाळावर हात मारून बसल्या. हक्क त्यांनीच शिकवला होता, आता मागे कुठल्या तोंडानं घेणार? फोटोवाल्यांच्या डोळ्यांपुढे शहरातला फोटोग्राफर उभा राहिला, गळ्यात दोन कॅमेरे घातलेला.

"तुम्ही हसून दाखवा ना आधी," शिंपिणीची मुलगी म्हणाली.

कॅमेरा बायकोकडे देऊन फोटोवाले स्टुलावर बसले. ओठ ताणले. डावी बाजू वर गेली, उजवी जागची हलेना. दोन्ही बाजूंना एकत्र आणायच्या खटपटीत भुवया नाचल्या, कान हलले, आणि जे काही तयार झालं ते पाहून आधी मुलगी खिदळली, मग अख्खी रांग. आया पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या. बायको रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो काढत सुटली. स्वतः हसत होती, पण तिनं एकालाही सोडलं नाही.

फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ते पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. शिंपिणीच्या मुलीचा तर असा आला होता! मान मागे, डोळे मिटलेले, बोळकं सताड उघडं. जन्मात असा फोटो त्यांच्या कॅमेऱ्यातून निघाला नव्हता.

"पण विचारलं कुठे?" मॅडम हळूच म्हणाल्या.

मग फोटोवाले रांगेतून फिरले. एकेकाला त्याचा फोटो दाखवायचे, पाठवू का म्हणून विचारायचे. "पाठवा," "पाठवा," "मला पण एक द्या." आपला हसरा चेहरा सगळ्यांना भलताच आवडला होता. शिंपिणीच्या मुलीनं मात्र नाकाला नाक लावून तो नीट पाहिला.

"नको. दात नाहीत."

"अगं, त्यातच तर मजा आहे!"

"नको म्हटलं ना."

फोटोवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आभाळाकडे. मग त्यांनी मुलीच्या समोरच फोटो पुसायचं बटण दाबलं. काच काळी झाली. मुलीनं खात्री करून घेतली, खरंच गेला का ते.

"तिकडच्या माणसाला मी चित्र काढून देईन," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी दात येतील. तेव्हा विचारा. बघू."

मॅडमनी कॅमेऱ्यातले उरलेले फोटो पुन्हा एकदा पाहिले, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना काका? पुढच्या वर्षी तुम्हालाच यावं लागेल विचारायला."