हो म्हणा, मगच पुढं जा

माझ्या आतेभावाइतका अडवणारा माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत दुसरा मिळणार नाही, लावा पैज! आणि हे मी प्रेमानं सांगतोय. दादानं बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केला, विंडोज पंच्याण्णव शिकला आणि त्याला स्क्रीनवर मधोमध उगवणाऱ्या त्या छोट्या खिडकीचा नाद लागला. तीच ती, 'हो' किंवा 'नको' म्हटल्याशिवाय मागचं काही म्हणजे काही हलू न देणारी! दादाही तसाच. गाडी मागितली की चावी मुठीत धरून विचारणार, "भवानीनगरलाच ना? नक्की? का रद्द?" 'हो' म्हणेपर्यंत मूठ उघडायची नाही. मी वैतागलो की म्हणायचा, "माणूस घाईत असतो रं. त्याला घडीभर अडवायचं, ही माया असती."

या मायेचा पहिला प्रसाद मिळाला इंदापूरच्या तात्यांना. तात्या लग्नाची स्थळं नोंदवून घ्यायचे, मेळावा भरवायचे. दादानं त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला, त्याचा पहिलावहिला! तात्यांनी बजावलं, "मेळाव्यात यादी बिनचूक निघाली तर कॉम्प्युटर ठिवीन, न्हायतर परत रजिस्टर." दादाला तेव्हापासून जेवण जाईना. आता तात्यांची कामाची पद्धत अशी, की रजिस्टरच्या चार पानांत चार बोटं घालून चार घरांशी एकदम बोलायचं. आणि इथं एका मुलाचं शिक्षण टाईप करताना कुणी सुप्याच्या मुलीची उंची विचारली, तर खिडकी बघूच देईना! "शिक्षण बरोबर आहे का? खात्री आहे का?" तात्या कडाडले, "आरं, माझ्याच हापिसात मला कोंडलंस व्हय?"

"एक काम पुरं करा तात्या, मग दुसरं. चूक व्हायची न्हाय."

तात्या पुढं सरावले. खिडकी उगवली की न वाचता एंटर, माशी मारल्यासारखा! मेळाव्याच्या आधी कुणीतरी आलं, म्हणालं आमच्या पोरीचं जमलं, नाव काढा. तात्यांनी बोलता बोलता तिच्याऐवजी खालची ओळ उघडली. "हे स्थळ काढायचं? खात्री आहे?" आणि ही खिडकी बसली होती नेमकी नावावर. एंटर!

मेळाव्यात छापलेल्या याद्या वाटल्या आणि पळसदेवचे एक गृहस्थ उभे राहिले. "तात्या, माझी लेक हितं हुबी हाय. यादीत कुठं हाय?" तात्यांनी दादाकडं असं बघितलं, की मीच घाबरलो.

"पण खिडकीनं विचारलं हुतं," दादा पुटपुटला.

मुलगी शांतपणे म्हणाली, "कुणाचं नाव काढायचं, ते दिसत होतं का?"

"न्हाय. ते मागं झाकलं हुतं."

"मग त्या खिडकीतच नाव लिवा की. आणि बारीकसारीक गोष्टीला अडवू नका, म्हणजे मोठ्या गोष्टीला माणूस थांबून वाचंल."

"ऐक!" तात्या म्हणाले.

दादानं सगळ्या याद्या गोळा केल्या आणि प्रत्येकीवर तिचं नाव, शिक्षण, गाव स्वतःच्या हातानं लिहिलं. मी अर्ध्या मागितल्या, दिल्या नाहीत. परतताना भवानीनगरला दादानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "हुशार हाय."

आठ दिवसांत त्यानं सगळ्या खिडक्या उपटल्या, एकच ठेवली, नाव काढायची. तिच्यात पूर्ण नाव, आणि नुसता एंटर मारला तर 'नको'. तात्या खूश, रजिस्टर माळ्यावर गेलं!

पण झालं काय, छापील यादीत हातानं लिहिलेलं तेवढं एकच नाव सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. सगळ्यात आधी तिचंच जमलं. तात्यांचा फोन आला, तेव्हा दादा म्हणाला, "तुमी राहू द्या, मी येऊन काढतो." आम्ही इंदापूरला गेलो. दादानं ओळ उघडली, खिडकी आली, नाव आलं.

"दाब की," तात्या म्हणाले. "काय बघत बसलायस?"

"वाचतोय, तात्या."

मी उगाच बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.