हरिश्चंद्रकाकाचं आवळीभोजन

हरिश्चंद्रकाकाच्या आवळीभोजनाचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं. केस पांढरे झाले, काका जाऊनही वर्षं लोटली, तरी दुखतं. कारण त्या आवळीभोजनाला त्याने मला नेलं नव्हतं.

काका म्हणजे माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर आमचं एकत्र घर. वडील आत्माराम, त्यांना आम्ही बाबा म्हणायचो, बंदरावर नारळाचा धंदा करायचे. काका मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटींवर खलाशी. दीड-दोन वर्षांनी घरी यायचा, थोडे दिवस राहायचा नि परत जायचा. आला की पेटीत बिस्किटांचे डबे आणि खांद्यावर आम्ही पोरं. मला तो बाबांपेक्षाही आवडायचा, आणि हे मी कधी कुणापासून लपवलं नाही.

त्याची स्वतःची दोन, कमळा आणि विठू. ती आमच्या मागेमागे वाढली. आम्ही ज्यांना बाबा म्हणू ते त्यांचे बाबा, आम्ही ज्याला काका म्हणू तो त्यांचाही काका. एकत्र घरात असं होतंच. सत्यवतीकाकीला तिची पोरं काकीच म्हणत, पण झोप आली की तिच्याच कुशीत शिरत, म्हणून तिचं काही बिघडलं नव्हतं. काकाचं मात्र बिघडलं.

एकतीस-बत्तीस साल असेल. काका दिवाळीला आला तेव्हा विठू चांगला बोलायला लागला होता. काकाने दारातूनच हात पसरले, तर "बाबा, काका आला!" असं ओरडत विठू माझ्या वडलांच्या धोतराला बिलगला. काका हसला, पण तेव्हापासून त्याचं माझ्या वडलांकडे बघणं बदललं. बाबा जेवताना विठूला बांगड्याचे काटे काढून द्यायला लागले की काकाचा घास तिथेच थांबायचा.

एकदा तो म्हणाला, "दादा, माज्या पोराचे काटे मलाही काढता येतात."

"मग काढ की रे," बाबा म्हणाले. त्यांना काही कळलंच नाही.

विठूने ताट ओढून घेतलं. "बाबाच काढणार!"

कार्तिक लागला. दरवर्षी आमचं सगळं घर आवळीभोजनाला जायचं. आवळ्याच्या झाडाखाली तीन दगडांची चूल, भात, वालाची उसळ, आणि आम्हा पोरांचा दिवसभर धिंगाणा. त्या वर्षी काकाने जाहीर केलं, "आमी चौगंच जाणार. भाट्याला."

"नि ही पोरं?" बाबांनी आमच्याकडे हात केला.

"त्यांना त्यांचा बाप हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती चौघं होडीतून खाडी ओलांडून गेली. कमळा मुद्दाम वळून वळून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या केसांत काकाने मुंबईहून आणलेली रिबीन होती. होडी उलटावी असं मी म्हणणार नाही; पण त्यांचा भात करपावा असं मला अगदी मनापासून वाटलं.

तिकडे काय झालं ते मग कमळीनेच मिरवत सांगितलं. काका झाडाखाली बिस्किटांचा डबा उघडून बसला. "बाबा म्हण, मग बिस्कीट." विठू इकडेतिकडे शोधायला लागला. "बाबा कुटं हायत?" "अरे, मी! मी तुजा बाबा!" "तू काका." पानांवरचा भात निवला तरी शिकवणी चालूच. काकी म्हणाली, "जेवा आधी, बाप काय पळून जात नाय." शेवटी बिस्किटं जिंकली. मग काकाने त्याला खांद्यावर घेऊन भाट्याच्या पुळणीवर पळवलं, लाटांत उभं केलं आणि प्रत्येक लाटेला "बाबा!" म्हणून ओरडायला लावलं.

दिवेलागणीला ती परतली. बाबा ओटीवर वाटच बघत होते. त्यांनी विठूला घ्यायला हात पुढे केले. विठू काकाच्या खांद्यावरूनच म्हणाला, "काका, काका, बाबांनी मला समुद्रात नेलान!"

हे 'काका' माझ्या वडलांना होतं. घरात एक बाबा नि एक काका, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं; त्याने फक्त अदलाबदल केली. बाबांचे हात तसेच राहिले. मग ते कंदिलाची काच पुसायला उठले, आणि ती काच त्या दिवशी फार वेळ पुसत होते. काका मात्र खुशीत शीळ घालत पाय धूत होता. मला त्याचा राग आला, आणि विठूचा त्याहून जास्त. माझा काका तर त्याने घेतलाच होता, वर माझ्या बाबांना रडवेलं केलं.

सुट्टी संपली. मांडवीला बोट लांब उभी राहायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. मागच्या खेपेला काका निघाला तेव्हा विठूने कडेवरून हसत हात हलवला होता. काका यायचे नि जायचेच, त्यात रडण्यासारखं काय? त्या दिवशी पडाव सुटला आणि विठूने हंबरडा फोडला.

"बाबा नाय जात! काका जातात!" त्याने माझ्या वडलांना ढकललं. "ह्या काकांना पाठवा!"

कुणाच्यानेच तो आवरेना. पडावातला काका उभा राहिला. खलाशी त्याला बस, बस म्हणत होते. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "विठू! रडू नको रे! मी काका! तुजे बाबा तुज्याकडंच हायत, मी काकाच!"

विठूचं रडणं थांबलं नाही. पडाव लहान होत गेला, तरी त्यातून काकाचं "मी काका, काका" ऐकू येत होतं. त्या धक्क्यावर त्याला खरोखरीची काका म्हणणारी मी होते. मीही रडत होते, मीही हाका मारल्या. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.