खाल्ती, बाही आणि आक्काचा पदर

बेळगाव सोडताना आक्कानं पिशवीत दोन वस्तू जपून घातल्या. बेळगावातच, शहापुरात स्वतःच्या मागावर विणलेली मोतिया साडी आणि खव्याच्या कुंद्याचा डबा.

"नकार द्यायला निघालीस, मग कुंदा कशाला?" मी विचारलं.

"रिकाम्या हातानं न्हाय म्हणू काय रं?"

आक्का माझी थोरली बहीण. तिचा मुलगा प्रवीण ट्युनिशियातल्या सूस शहरात नोकरीला, आणि तिथल्याच रीमशी लग्न करायचं म्हणून हटून बसलेला. 'येऊन बघ, मग न्हाय म्हणालीस तर ऐकतो,' एवढं त्यानं कबूल केलं होतं. म्हणून आम्ही दोघं भावंडं मुलगी बघायला थेट समुद्रापार. माझाही पहिलाच विमानप्रवास, पण रुबाब असा की जणू निपाणीला चाललोय.

सूसच्या बाजारात लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या दिसल्या आणि आक्का जरा सैलावली. "संकेश्वरी मिरचीच की!" हरिसा (मिरची-लसणाचं वाटण) लावून पाव खाल्ल्यावर "बरं हाय" म्हणाली. आक्काच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

संध्याकाळी आक्का ती मोतिया साडी नेसली आणि आम्ही रीमच्या घरी गेलो. तिच्या आईनं दार उघडताच प्रवीण म्हणाला, "खाल्ती!"

आक्का दचकून पायाशी बघू लागली. "काय पडलंय रं खालती?"

"आई, खाल्ती म्हंजे मावशी!"

जेवणात पहिल्यांदा आली ब्रीक (पातळ पारीत कच्चं अंडं फोडून, दुमडून तळतात ती). प्रवीणचा चेहरा उतरला. "मामा, हितं जुनी रीत हाय. हुणाऱ्या जावयानं ही हातानं खायची. बलक सांडला तर पोरगी मिळत न्हाय."

"चेष्टा करत असतील."

"खाल्तीकडं बघा की!"

खाल्ती हसत होती, पण तिची नजर प्रवीणच्या बशीवरून हलत नव्हती. आक्काची कळी मात्र खुलली. भाकरीसुद्धा सांडून खाणारा हा पोरगा! नकाराचं काम परस्पर होणार म्हणून ती सरसावून बसली.

प्रवीणनं अर्धी ब्रीक निभावली. मग बलक फुटला. तेवढ्यात खाल्तीचं कौतुक करायची त्याला हुक्की आली. भरल्या तोंडानं म्हणाला, "खाल्ती, बाही!"

बाही म्हणजे तिकडं 'छान'. आक्कानं मात्र खालती बघितलं, बाही बघितली. बलकाचा ओघळ मनगटावरून नव्या पांढऱ्या शर्टाकडं निघाला होता. जन्मात अंड्याला न शिवलेल्या आक्कानं झटक्यात पदर पुढं केला आणि तो वरच्यावर झेलला.

खाल्तीनं बशी उचलून दिव्याखाली धरली. कोरडी! मग ती इतकी हसली की तिला खुर्चीला धरावं लागलं. पदराबद्दल रीतीत काहीच सांगितलेलं नाही, असा तिनं निकाल दिला.

रीम ओला रुमाल घेऊन धावली. तिनं डाग चोळला नाही, हलक्या हातानं टिपून घेतला. आक्का तिच्या बोटांकडं बघत राहिली. नंतर रीमनं पुदिन्याचा चहा आणला.

"आई, चहात बंदुक हाय," प्रवीण म्हणाला. बंदुक म्हणजे चिलगोज्यासारखे दाणे, पण हे सांगायला त्याला उशीर झाला.

"आता न्हाय म्हटलं तर गोळी घालत्यात व्हय?" आक्कानं घोटभर चहा घेतला आणि कुंद्याचा डबा रीमच्या हातात ठेवला. "पोरीचा हात हलका हाय."

प्रवीण तिथंच रडला.

परदेशी भाषा येत नसली की माणसाची फजिती होते, असं मी समजत होतो. आमचं तर त्या फजितीनंच भलं केलं.

शहापुरात परतल्यावर शेजारणीनं साडी बघून विचारलंच, "आक्का, नव्या पदराला पिवळा डाग कसला वो?"

आता अंड्याची कथा गावभर होणार, असं मला वाटलं. आक्कानं पदर खांद्यावर नीट पुढं घेतला.

"डाग न्हवं गं त्यो. माझ्या प्रवीणची हळद हाय."