रेवताबाईचा गंज

रेवताबाई कोणावर विश्वास ठेवत नाही. बर्फवाल्यावर नाही, मासेमारांच्या सोसायटीवर नाही, माझ्यावर तर अजिबात नाही. आंधळगावच्या बाजारात ती मासोळी विकते. गिऱ्हाईक मासोळी उलटीपालटी करून पाहतं आणि ती गिऱ्हाइकाला पाहते. लोक हसतात. मी हसत नाही. जिला बसमध्ये "वास येते" म्हणून शेजारी कोणी बसू देत नाही, तिनं जगाकडे लाडानं पाहावं असं वाटणाऱ्यांनी आधी सरकून जागा द्यावी.

गावच्या उपकेंद्रात नवी सिस्टर आली. वैजयंता नाव, सांगलीकडची. रेवताबाईची सून डिंपल पोटुशी होती, म्हणून या बाईनं जन्मात पहिल्यांदा आपणहून कोणाशी नातं जोडायला घेतलं. गंजात मासोळीचा रस्सा भरला, वर झाकण घातलं, नेऊन दिला. निघताना म्हणाली, "गंजाकडं पाह्यजो, बाई."

आमच्याकडे इतकंच म्हणतात. पुढचं ज्याचं त्यानं समजायचं. भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी टाकायचं. रिकामं आलं तर समजायचं, येणं-जाणं बंद.

सिस्टर स्वतः परत द्यायला आली. "बघा मावशी, एकदम चकाचक केलंय," म्हणाली आणि हसत निघून गेली. रेवताबाईनं झाकण काढलं. आत काही नाही. बाहेरून आरशासारखं.

"वास काढला वो आपला," ती तलावाच्या पाळीवर बायांना सांगत होती. "रगडू रगडू काढला."

मग काय, सगळ्यांना आठवायला लागलं. गोदावरीबाई म्हणाली, "हातमोजे घालते थे. आपल्याले हात लावाची किळस येते." दुसरी म्हणाली, "खिडकी लावून बसते." तिसरी म्हणाली, "घरात कितीक जन हाय, कायले इचारते?" मागची सिस्टरही हातमोजे घालत होती, पण तेव्हा ते नुसते हातमोजे होते. बायांनी उपकेंद्रात जाणं सोडलं.

मी सातवी शिकलेली. पण माणसाच्या मनावरची पुस्तकं मोहाडीच्या वाचनालयात मिळाली तेवढी वाचली आहेत. त्यात लिहिलं आहे, आपल्याला उशीर झाला की आपण बसला दोष देतो. दुसऱ्याला झाला की म्हणतो, माजोरडा आहे. आपल्या वेळी परिस्थिती, दुसऱ्याच्या वेळी स्वभाव. आपल्यासारख्या देशांत लोक परिस्थितीकडे जरा जास्त पाहतात, असंही लिहिलं आहे. लिहिणाऱ्यानं आमच्या तलावाची पाळ पाहिलेली नाही.

इकडे डिंपलला आठवा महिना लागला आणि पाय असे सुजले की चपलेचा पट्टा रुतायला लागला. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी रेवताबाईला म्हटलं, "सिस्टरले दाखव."

"जिले माहा गंज सहन झाला नाही, थे माह्या सुनेले हात लावन? आन लावन तं कायले लावन, हे सांग!"

"पोरगी मरन ना!"

"माहा पोरगा येईन, मुन्ना. तो नेईन तुमसरले."

"कधी येईन?"

"येईन." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. सगळ्यांच्या कामात मी पुढं होते, म्हणून ती मला लिडरीन म्हणते. "तू कोनाकडून बोलून राहिली वो, लिडरीन?"

"डिंपलकडून!" माझं डोकं फिरलं. तशीच उपकेंद्रात गेले. दार अर्धं लोटलेलं. आतून सिस्टर म्हणाली, "आता तुम्हाला कोणी पाठवलं?"

म्हणजे इकडेही तोच रोग.

"एवढं हात सोलवटून घासून दिलं त्यांना," ती म्हणाली. "त्याच उलट माझी बदनामी करतात. मला आधीच सांगितलं होतं, इकडचे लोक बाहेरच्याला टिकू देत नाहीत."

"बॅग घ्या," मी म्हटलं. "भांडण तिथं जाऊन करू."

रेवताबाई दारातच उभी. "आता कोनता वास काढाले आली?"

"कसला वास, मावशी?"

"गंज काहून इतका घासला मंग?"

"तुम्हीच सांगितलंत ना, गंजाकडं बघ म्हणून! झाकणाच्या कडेला होताच थोडा. चिंच लावली, राख लावली, तेव्हा कुठं निघाला."

"कोन निघाला?"

"गंज!"

रेवताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मला पण कळेना. आतल्या खाटेवरून डिंपलचं हसू ऐकू आलं. डोकं दाबून धरून ती हसत होती. "आई, त्यायच्याकडं गंज म्हंजे जंग वो! लोखंडाले चढते थो!"

कोणाला वाटेल, इथं मिटलं. छे. रेवताबाईनं माझ्याकडे बोट केलं. "हे हिनं शिकवलं तुले. घासला म्हनते तं हात दाखव."

सिस्टरनं दोन्ही हात पुढे केले. बोटांची सालं निघाली होती. रेवताबाईनं ती बोटं धरली, उलटीपालटी करून पाहिली, मासोळी पाहतात तशी, आणि दारातून बाजूला झाली.

सिस्टरनं डिंपलच्या दंडाला पट्टा बांधला. बीपीचा आकडा पाहिला, परत मोजला. "मावशी, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्यायचं."

"आत्ताच काहून?" रेवताबाईचे डोळे पुन्हा बारीक झाले.

सिस्टरनं डिंपलच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. गाळात पाय रुतून निघावा तसा खड्डा पडला. भरेना. रेवताबाई जन्मभर गाळात उभी राहिलेली बाई. तिनं त्या खड्ड्याकडे पाहिलं.

"गाडी बोलाव," ती म्हणाली.

गाडीत वाटभर ती ड्रायव्हरला विचारत होती, "भंडाऱ्यालेच नेऊन राहिला ना, बाबू?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थांबला असता तर झटके आले असते. डिंपलला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, ओंजळीत मावेल एवढी. दोघी घरी आल्या.

रेवताबाईनं गंजात पुन्हा रस्सा भरून सिस्टरकडे पाठवला. या खेपेला तो परत आला तो शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून. मी तिथंच बसले होते. रेवताबाईनं एक लाडू उचलला, वास घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"तू खाय आधी, लिडरीन."

खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग दुसरा लाडू तिनं डिंपलच्या हातात दिला.