विचारून थांबणं

मला सुपरवायझर केलं तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि आनंद व्हावा इतकी ताकद अंगात उरली नव्हती. जबलपूरच्या रांझी भागात लोखंडी कपाटं बनवणारा एक लहान खासगी कारखाना आहे. तिथे मी रंगखात्यात होतो. तोंडाला मास्क, हातात स्प्रेची बंदूक. बोलायची वेळ फारशी आलीच नाही. आता रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून दिवसभराच्या सूचना द्यायच्या होत्या, त्याही हिंदीतून. हिंदी येत नव्हती असं नाही, सगळा जन्म जबलपुरातच गेला. पण चार लोक माझ्याकडे पाहायला लागले की मला कोणतीच भाषा येईनाशी व्हायची.

पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "भैया, कुछ सुनाई नहीं दे रहा."

मी पुन्हा बोललो, आणखीच हळू. कोणी हसलं नाही. लोकांनी हातमोजे चढवले आणि आपापल्या कामाला लागले. हसले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती शहराबाहेर, लांब कुंडम गावच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी अंधारात बस पकडायची आणि गढा भागातल्या आमच्या घरी परतायची ती दिवेलागणीला. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. ती मेथी निवडत बसली होती.

"चला, म्हणून दाखवा," ती म्हणाली.

मी फ्रिजजवळ उभा राहून सकाळच्या सूचना म्हटल्या.

"जमिनीकडे पाहून काहून बोलता? माझ्याकडे पाहा."

"तुझ्याकडे पाहिलं की हसू येतं."

"मग हसून घ्या अन् बोला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे सुरू झालं. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं, वाक्य संपलं की श्वास घ्यायचा. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. झोप लागली असं वाटून मी थांबलो की म्हणायची, "ऐकून राहिली मी. शेवटचा शब्द गिळला तुम्ही."

हळूहळू माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायला लागला. हौस वगैरे काही नव्हती, पण सूचना दुसऱ्यांदा सांगाव्या लागेनात. मग एक दिवस तिने नवीनच चूक काढली. शेवटी मी "किसी को कुछ कहना है?" असं विचारायचो आणि त्याच दमात "चलो, काम पे लगो" म्हणायचो.

"तुम्ही विचारता अन् थांबतच नाही," ती म्हणाली. "मी वर्गात प्रश्न विचारला की गप्प उभी राहते. मुलांना वेळ लागतो. मोठ्यांनाही लागत असेल."

दुसऱ्या दिवशी मी थांबलो. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी एक जण म्हणाला की मास्कचे पट्टे तुटले आहेत, आम्ही चिंध्यांनी बांधतो. त्या चिंध्या मी रोज पाहत होतो. मालकाकडे बरेच खेटे घातले, तेव्हा नवे मास्क आले.

मास्क आले त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली. "कसा गेला दिवस?" मी सवयीने विचारलं. हात रिमोटकडे गेला होता, तो मागे घेतला.

"ठीक," ती म्हणाली.

मी थांबलो. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

"मला हे रोजचं जाणं-येणं झेपून नाही राहिलं," ती म्हणाली. "केव्हापासून सांगायचं होतं."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं की लगेच बातम्या लावता."

शाळेतल्या एका बाईंनी कुंडमलाच खोली घेतली होती. त्या हिला सोबत राहायला बोलावत होत्या. शनिवारी घरी यायचं, सोमवारी परत जायचं. माझ्याकडे हरकती तयार होत्या, एकामागून एक, सकाळच्या सूचनांसारख्या. जेवणाचं काय, भाडं काय, लोक काय म्हणतील. त्या मी तोंडातच ठेवल्या.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.

"झोप," ती म्हणाली. "मला पुरती झोप पाहिजे."

पुढच्या सोमवारी ती एक गादी आणि दोन पातेली घेऊन गेली. मी बसपर्यंत पोचवायला गेलो. तिने जबलपुरात बदलीचा अर्जही केला आहे, त्याचं अजून काही कळलं नाही. आता मी रांझीहून थकून येतो, कुकर लावतो आणि फोन करतो. तिच्या आवाजातला शीण उतरला आहे. माझा मात्र तसाच आहे. मागच्या आठवड्यात फोनवर मी तिला म्हटलं की घर रिकामं वाटून राहिलं आहे. लग्नानंतर इतक्या वर्षांत असं काही मी तिला म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "मलाही वाटतं. पण मी इथेच राहीन सध्या."

ती शनिवारी आली. रविवारी ऊन अंगणभर पसरलं तरी ती झोपलेलीच होती. मी चहा केला, माझा पिऊन घेतला आणि तिचा पातेल्यात झाकून ठेवला.