रिॲक्टर तुंबला अन् मासे वर आले

मंडळी, आज लई थकलो. लातूरच्या आमच्या घरात समुद्री माशांची अन् जिवंत पोवळ्यांची टाकी आहे. तिचं पाणी नितळ राहावं म्हणून बायोपेलेट रिॲक्टर लावलाय. त्याच्या नळकांड्यात बारीक गोळ्या फिरतात आणि त्यांच्यावर पाण्यातली घाण खाणारे चांगले जिवाणू वाढतात.

दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला. "अहो, पाणी दुधासारखं झालंय. मासे वर तोंड काढून राहिले."

"रिॲक्टर बंद कर, मी निघालोच."

घरी पोचलो, तर ही स्टुलावर उभी राहून टाकीतलंच पाणी तांब्यानं उंचावरून परत टाकीत ओतत होती. माशांना हवा मिळावी म्हणून! या टाकीला रोज नावं ठेवणारी हीच.

रिॲक्टर उघडला. पाण्याचा जोर कमी पडून गोळ्यांवर जिवाणूंचा चिकट थर साचला होता, अन् सडक्या अंड्यांसारखा वास. सगळ्या गोळ्या खाऱ्या पाण्यात धुतल्या, टाकीत हवेचा पंप सोडला. संध्याकाळी मासे खाली गेले. एक पोवळं मात्र वाचलं न्हाई.

"लातुरात समुद्र कशाला हवा हो तुम्हाला?" दुखरा खांदा चोळत तिनं विचारलं.

मी उठून तिला बाम आणून दिला. तुम्ही घरच्यांना काय सांगता?